वळचण आणि पेटी

मराठी घरांत वाढलेल्या मुलास घर बांधण्याविषयींची जी पहिली गोष्ट ऐकावयास मिळते ती माणसाच्या घराची नसते. कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशीं येऊन उभा राहतो, ही ती गोष्ट. तिच्यांतील मेण व शेण कल्पनेंतलें आहे. पण तिच्या मुळाशीं असलेला अनुभव खरा आहे. मुसळधार पावसांत कावळा झाडावर भिजत असतो आणि चिमणी माणसाच्या छपराखालीं कोरडी असते, हें गोष्ट सांगणाऱ्या आजीनें डोळ्यांनीं पाहिलेलें असे. राजवाडे, किल्ले व देवळें यांच्या बांधणीचा इतिहास आपण आवडीनें वाचतों; माणसाच्या घरांत पांखरांस जी जागा होती तिच्या इतिहासाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, कारण ती जागा कोणीं मुद्दाम बांधलेली नव्हती. आज ती नाहींशी होत आहे, आणि तिच्याऐवजीं लांकडाची एक लहानशी पेटी भिंतीवर किंवा गॅलरींत टांगण्याची चाल पडत आहे. ही पेटी आली कोठून, ती कोणासाठीं, आणि ती सजवावयाची तर कितपत, याचा विचार पनवेल तालुक्यांतील नेरे या गांवाकडे नजर ठेवून येथें करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. घरट्याच्या दृष्टीनें पांखरांचे दोन वर्ग पडतात: आपलें घर आपण उभारणारीं, आणि तयार पोकळी शोधून तींत बिऱ्हाड करणारीं. सुगरण व शिंपी हीं पहिल्या वर्गांतील. नेरे ज्या रायगड जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांत, अलिबागजवळ किहीम येथें, सालिम अली यांनीं १९३० सालीं सुगरण पक्ष्याचें जें निरीक्षण केलें तें पक्षिशास्त्रांत प्रसिद्ध आहे. नर घरटें अर्धेंमुर्धें विणतो. मादी येऊन तें तपासते. तिला तें पसंत पडल्यास ती तेथें राहते, मग नर उरलेलें काम पुरें करून दुसऱ्या घरट्यास आरंभ करतो, ही गोष्ट त्यांनीं तेथें उलगडून दाखविली. आपल्या भाषेनें या पक्ष्यास स्त्रीलिंगी नांव दिलें असलें तरी विणकर पुरुषच आहे, हा त्यांतील गमतीचा भाग. अशा पक्ष्यापुढें पेटी ठेवणें म्हणजे गवंड्याला भाड्याची खोली दाखविण्यासारखें आहे. पेटीचा उपयोग होतो तो दुसऱ्या वर्गास. चिमणी, साळुंकी, दयाळ, पोपट, पिंगळा हीं सारीं पांखरें झाडाची ढोली किंवा भिंतीचें भोक शोधीत हिंडतात.

या दुसऱ्या वर्गांत चिमणीचें स्थान निराळें आहे. पोपटाला किंवा पिंगळ्याला रानांतील जुना वृक्ष पुरतो. चिमणी मात्र माणूस शेती करूं लागला तेव्हांपासून त्याच्या पाठोपाठ आलेली आहे आणि त्याच्या वस्तीपासून दूर ती क्वचितच आढळते. पनवेल तालुक्यांतच कर्नाळ्याच्या किल्ल्याभोंवतालचें रान १९६८ सालीं पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें. रानपांखरांना त्याचा मोठा आधार झाला. पण चिमणीला त्या रानाचा उपयोग नाहीं. तिचें अभयारण्य म्हणजे आपलें घर, आणि तें राखणें कोणत्याहि सरकारी खात्याच्या हातीं नाहीं.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती, इतकेंच नव्हे तर पांखरांसाठीं हातानें घर करून टांगण्याची चालहि या देशांत फार जुनी आहे. पाली जातकांत कपोताची एक कथा आहे. तींत असें वर्णन येतें कीं, काशींतील लोक पुण्यबुद्धीनें पांखरांच्या सुखासाठीं जागोजाग गवताच्या टोपल्या टांगून ठेवीत, आणि तेथील श्रेष्ठीच्या आचाऱ्यानें आपल्या स्वयंपाकघरांतहि अशी एक टोपली टांगली होती. तींत एक कबूतर राही. तें सकाळीं चाऱ्यासाठीं बाहेर पडे व सायंकाळीं परत येई. पुढें मांसमत्स्यांच्या वासानें लोभावलेला एक कावळा त्याच्याशीं मैत्रीचें सोंग करून त्या घरांत शिरतो आणि आपल्या लोभाचें फळ भोगतो. कथेचा रोंख लोभाच्या निंदेवर आहे. टोपलीचा उल्लेख ओघांत, सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट म्हणून आलेला आहे. इतिहासाच्या दृष्टीनें असे ओघांत आलेले उल्लेखच अधिक विश्वसनीय असतात. कारण ऐकणाऱ्यांस ती टोपली अपरिचित असती तर सांगणारा तिच्याविषयीं दोन शब्द अधिक बोलला असता.

संस्कृत वाङ्मयांतहि अशा खुणा विखुरलेल्या आहेत. अमरकोशांत 'कपोतपालिका' व 'विटंक' हे शब्द आहेत, म्हणजे कबुतरांच्या बसण्यासाठीं घरास काढलेल्या सज्ज्याला स्वतंत्र नांव देण्याइतकी ती वस्तु रूढ होती. कालिदासाचा मेघ उज्जयिनींत ज्या गच्चीवर रात्र काढतो तेथें पारवे झोंपलेले आहेत. दशार्ण देशाच्या वर्णनांत घरच्या बलीवर जगणाऱ्या पांखरांनीं गांवच्या झाडांवर घरटीं बांधावयास केलेला आरंभ कवीनें टिपला आहे. 'गृहबलिभुज्' हा शब्दच मोठा बोलका आहे. वैश्वदेवाचा बलि, काकबलि, आणि आईनें बाळाला भरवितांना चिऊच्या नांवानें बाजूस ठेवलेला घांस हीं एकाच परंपरेचीं रूपें होत. मृच्छकटिकाच्या पांचव्या अंकांत मैत्रेयाच्या अंगावर ढेंकळें पडतात. हा उपद्व्याप पारव्याचा असें समजून तो काठी उगारतो, तेव्हां चारुदत्त त्याला आवरून म्हणतो कीं, त्या बिचाऱ्याला आपल्या प्रियेसह राहूं दे. चारुदत्त दरिद्री झालेला आहे, दारीं याचक येईनासे झाले आहेत. पण पारवा त्याच्या आश्रयास अजून आहे. याच नाटकाच्या चौथ्या अंकांत वसंतसेनेच्या संपन्न वाड्यांतील पांखरांचा चौक वर्णिला आहे. तेथें कबुतरांच्या जोड्यांबरोबर पिंजऱ्यांतले पोपटहि आहेत. पिंजरा आणि घरटें यांतील अंतर येथें ध्यानांत घ्यावें. पिंजऱ्याची कडी माणसाच्या हातीं असते; घरट्यांत येणेंजाणें पांखराच्या मर्जीवर चालतें. अकबराच्या दरबारीं वीस हजारांवर कबुतरें होतीं असें 'आइन-इ-अकबरी' सांगते. पण तो सारा बादशाही शोक, पांखरांच्या उड्डाणाची मौज पाहण्यासाठीं केलेला. आश्रय देणें आणि बाळगणें या दोन वृत्ति आपल्या इतिहासांत अशा शेजारीं शेजारीं नांदत आलेल्या आहेत.

इतर देशांचा इतिहास पाहिला तर पांखरांस घर देण्यामागें निरनिराळे हेतु दिसतात. सोळाव्या शतकांत फ्लँडर्स व हॉलंड या प्रांतांत घराच्या भिंतीवर मातीचीं मडकीं अडकविण्याची रीत होती. ब्रूगेलच्या चित्रांत तीं दिसतात. चिमण्या व साळुंक्यांच्या जातीचे पक्षी त्यांत अंडीं घालीत, आणि मडक्याच्या मागल्या बाजूस ठेवलेल्या भोकांतून हात घालून गृहस्थ पिलें काढून घेई व रांधून खाई. इराणांत इस्फहानच्या आसपास सतराव्या शतकांत कबुतरांसाठीं जे प्रचंड बुरूज बांधले गेले ते त्यांच्या विष्ठेचें खत कलिंगडा-खरबुजांच्या वाड्यांस मिळावें म्हणून. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील मूळचे रहिवासी पोकळ भोपळे खांबावर टांगून पाकोळीच्या जातीच्या पक्ष्यांस बोलावीत. इस्तंबूलमध्यें मात्र अठराव्या शतकांत या कामास निराळेंच सौंदर्य आलें. तेथील मशिदींच्या व इतर इमारतींच्या उंच भिंतींवर, उन्हापावसाची बाजू टाळून, दगडांत कोरलेले छोटे वाडे आहेत, त्यांना घुमट आहेत, खिडक्या आहेत, आणि आंत चिमण्यांस राहावयास जागा आहे. उस्कुदार भागांतील अयाज्मा मशिदीवरील असे वाडे प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत चार्ल्स वॉटरटन यानें आपल्या वॉल्टन हॉल या जमिनींत पक्ष्यांसाठीं भोकें ठेवलेले मनोरे उभारले, आणि पुढें जर्मनींत झेबाख येथील बॅरन फॉन बर्लेप्श यानें सुतार पक्ष्याच्या ढोली उभ्या चिरून, त्यांचीं मापें घेऊन, तशीच पोकळी असलेले लांकडी ओंडके शेंकड्यांनीं टांगले. आजच्या पेटीचा शास्त्रीय वंश या बर्लेप्शपाशीं जातो. त्यानें पांखराला काय आवडेल याची कल्पना करीत न बसतां पांखरानें आपण होऊन काय निवडलें आहे तें मोजलें, हें त्याच्या कामाचें मर्म होय.

आतां नेऱ्याकडे वळूं. पनवेलच्या ईशान्येस, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर हें गांव आहे. भातशेतीचा हा मुलूख. डोंगरालगतच्या वाड्यांतून ठाकर व कातकरी लोकांची वस्ती. या भागांतील जुन्या घराची घडण पाहिली म्हणजे तेथें चिमणीला वेगळी पेटी कां लागत नव्हती तें सहज कळतें. गरिबाचें घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, आणि वर पेंढ्याचें छप्पर. या छपरांतील काडी ओढून काढावी आणि त्याच छपरांत आपलें घर करावें, इतकी चिमणीची सोय. त्याहून बऱ्या स्थितींतील माणसाचें घर नळीच्या कौलांचें. अर्धगोल कौलें एकमेकांवर पालथीं उताणीं घातलीं म्हणजे वळचणीला प्रत्येक कौलाचें तोंड उघडें राहतें. तीं तोंडें म्हणजे चिमणीच्या मापाचीं दारेंच. शिवाय भिंतींत देवळ्या व कोनाडे असत, आढ्याला सांधे असत, आणि ओटीवर कललेल्या तसबिरीच्या मागें तर दरसाल काडीकचरा सांपडे. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूरास कौलांचा कारखाना काढल्यावर चपटीं, घट्ट बसणारीं कौलें कोंकणभर पसरलीं. तेव्हां पांखरांची जागा थोडी आखडली. तरी वासे, रिपा आणि भिंतीचा माथा यांमधील फट कायम राहिली.

पोटाची सोयहि तेथेंच होती. अंगणांत भात झोडलें जाई, उखळांत कांडलें जाई, सुपांत पाखडलें जाई, आणि प्रत्येक कामांत कांहीं दाणे, कांहीं कण्या जमिनीवर सांडत. नव्या भाताच्या लोंब्या दाराशीं बांधण्याची चाल होती, त्यांतले दाणे पांखरें टिपीत. गोठा होता, उकिरडा होता, म्हणून किडे होते. आणि चिमणी स्वतः दाण्यांवर जगत असली तरी पिलांस पहिले दिवस किडेच भरविते. सालिम अली यांनीं आपल्या आत्मचरित्रांत (१९८५) लहानपणची एक हकीकत दिली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत खेतवाडीच्या घरीं तबेल्याच्या भिंतींतील भोकांत एका चिमणीनें घरटें केलें होतें. पोरवयांतील सालिमनें खिळ्यावर राखण बसलेला नर छऱ्याच्या बंदुकीनें मारला, तों थोड्याच वेळांत दुसरा नर त्याच्या जागीं आला, आणि आठवड्याभरांत असे आठ नर त्यानें मारले. पक्षिशास्त्रज्ञांस त्यांत चिमणीच्या स्वभावाचा धडा दिसतो; आपल्या विषयास त्यांतील तबेला महत्त्वाचा वाटतो. भिंतींत भोक, जवळ खिळा, खालीं घोड्याच्या चंदींतून सांडलेला दाणा, एवढें असलें म्हणजे भर मुंबईंतहि चिमणीचा संसार इतका भरभराटीचा होता कीं, एकाच्या जागीं आठ उमेदवार उभे होते.

हा संसार मोडला तो कोणाच्या द्वेषामुळें नव्हे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसली, आणि पनवेलच्या भोंवतालच्या गांवांस शहराची ओढ लागली. २०१३ सालीं विमानतळाच्या प्रभावाखालील क्षेत्र म्हणून जो 'नैना' प्रदेश जाहीर झाला त्यांत नेऱ्याचा परिसर येतो. २०२५ च्या ऑक्टोबरांत नव्या विमानतळाचें उद्घाटनहि झालें. शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, आणि कौलारू घराचा मालक चार पैसे मिळाल्यावर स्लॅबचें घर बांधूं लागला. त्याला कोणीं दोष देऊं नये. गळकें छप्पर दर पावसाळ्याआधीं शाकारण्याचे कष्ट ज्यानें केले आहेत त्यालाच पक्क्या छताचें सुख कळतें. परंतु सिमेंटाच्या भिंतीला वळचण नसते, खिडकीला सरकती कांच असते, गॅलरीला कबुतरांसाठीं जाळी असते आणि ती चिमणीलाहि अडविते. तांदूळ निवडलेला, पिशवींत बंद होऊन येतो. अंगणावर फरशी पडते. भोक, दाणा व किडा या तिन्ही गोष्टी एकाच पिढींत घराबाहेर गेल्या.

याची जाणीव प्रथम शहरांत झाली. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनीं चिमणीच्या प्रश्नास वाहून घेतलें. त्यांच्या संस्थेच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जाऊं लागला आणि लांकडी पेट्यांचा प्रसार घरोघर झाला. दिल्लीनें २०१२ सालीं चिमणीस आपला राज्यपक्षी ठरविलें. येथें अतिशयोक्तीपासून मात्र सावध राहिलें पाहिजे. भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं २०२० सालीं जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला त्यांत असें आढळलें कीं, मागील पंचवीस वर्षांत साऱ्या देशांत चिमण्यांची संख्या एकंदरीनें स्थिर आहे. घट झाली ती मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. याचा अर्थ असा कीं, चिमणी जगांतून चाललेली नाहीं, ती आपल्या घरांतून चालली आहे. आणि म्हणूनच नेऱ्यासारख्या, धड गांव न राहिलेल्या व धड शहर न झालेल्या वस्तीचें महत्त्व अधिक आहे. मुंबईंत जी गोष्ट परत आणावी लागते ती येथें अजून राखतां येण्याजोगी आहे.

पेटीचा जन्म असा बुजलेल्या भोकांतून झालेला आहे. ती शोभेची वस्तु नसून फेडीची वस्तु आहे, हें एकदां मनांत ठसलें म्हणजे ती कशी करावी याविषयीं फारसा वाद उरत नाहीं. देवदारी खोक्याच्या अर्ध्या इंचाहून जाड फळ्या घ्याव्या. हापूस आंब्याच्या पेटीच्या फळ्या आयत्या मिळतात, पण त्या पातळ असल्यानें उन्हांत तापतात, म्हणून त्या दुहेरी लावाव्या. आंत चार ते पांच इंच चौरस तळ, समोरची उंची आठ-नऊ इंच, आणि तळापासून पांच इंच वर सव्वा इंच व्यासाचें, म्हणजे सुमारें ३२ मिलिमीटरचें, गोल भोक. एवढ्या भोकांतून चिमणी जाते. साळुंकी व कबूतर जाऊं शकत नाहींत. दयाळासाठीं दोन इंचांचें भोक व थोडी मोठी पेटी लागते. छप्पर पुढें दोन इंच आलेलें व उतरतें असावें. तळाला पाणी निघून जाण्यास आणि वरच्या कडेला हवा खेळण्यास बारीक भोकें असावींत. एक बाजू उघडतां यावी, म्हणजे पिलें उडून गेल्यावर जुनें घरटें काढून पेटी साफ करतां येते. भोकाखालीं बसावयास दांडी मुळींच ठेवूं नये. चिमणीला तिची गरज नसते, आणि कावळ्याला ती आयती बैठक होते. कोंकणांत पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो व दुपारचें ऊन पश्चिमेचें, म्हणून पेटीचें तोंड उत्तरेस किंवा पूर्वेस करून ती आठ-दहा फूट उंचीवर, मांजराचा हात पोंचणार नाहीं अशी, घट्ट बसवावी. चिमण्या शेजारानें राहणाऱ्या असल्यामुळें एकीपेक्षां दोन-तीन पेट्या बऱ्या.

सजावटीचा प्रश्न येथें येतो. बाजारांत ज्या पेट्या दिसतात त्यांपैकीं कित्येक माणसाच्या बंगल्याच्या चिमुकल्या प्रतिकृति असतात: लाल छप्पर, धुराडें, चकचकीत रंग, दाराशीं कुंपण. दिवाणखान्यांत त्या शोभतात. पांखराला मात्र गडद रंगाची पेटी तापल्यानें भट्टीसारखी होते, भडक रंग कावळ्याला पत्ता सांगतो, आणि आंतल्या रंगरोगणाचा वास पिलांच्या उरावर बसतो. म्हणून आंतून पेटी कोरीच असावी. बाहेरून मुलांनीं गेरूचा हात द्यावा, चुन्याच्या रेघांनीं आपल्याकडची वारली चित्रें काढावींत, त्यास हरकत नाहीं; गेरूचा रंग मातीच्या भिंतीचाच असतो. इस्तंबूलचे दगडी वाडे सुंदर आहेत, पण त्यांचें सौंदर्य भिंतीच्या बाहेरच्या अंगास आहे आणि आंतली जागा पांखराच्या मापाची आहे. सजावटीची मर्यादा त्या कारागिरांनीं बरोबर ओळखली होती.

दयेलाहि विवेक लागतो, याचें उदाहरण मुंबईनें नुकतेंच पाहिलें. दादरचा कबूतरखाना १९३३ चा. धर्मबुद्धीनें टाकलेल्या धान्यावर कबुतरांची संख्या बेसुमार वाढली, त्यांच्या विष्ठेमुळें फुप्फुसाचे विकार होतात असें वैद्य सांगूं लागले, आणि २०२५ सालीं महानगरपालिकेनें कबूतरखाने बंद करण्यास घेतले तेव्हां प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. पोतीं ओतून एकाच पांखराची गर्दी करणें आणि सव्वा इंचाच्या भोकामागें एका जोडप्यास जागा देणें यांत मोठें अंतर आहे.

तथापि पेटीवर फार भार टाकूं नये. ती भोकाची भरपाई करते. दाण्याची व किड्याची करीत नाहीं. पेटीखालीं परसांत दोन देशी झुडुपें, थोडी उघडी माती, उथळ परळांत पाणी, आणि भाजीवर विषारी औषधांचा मारा न करण्याची शिस्त, हीं नसतील तर पेटी रिकामी राहील. आणि घर नव्यानें बांधणाऱ्यास तर पेटीचीहि गरज नाहीं. गवंड्यास सांगून छताखालीं, उत्तरेच्या भिंतींत, एका विटेची पोकळी ठेवून तिच्या तोंडाशीं सव्वा इंचाचें भोक सोडलें कीं झालें. खर्च जवळजवळ शून्य, आणि जी जागा पूर्वीं नकळत राही ती आतां जाणून ठेवलेली असेल. नेऱ्यास आज जीं घरें उभीं राहत आहेत तीं पन्नास वर्षें टिकावयाचीं आहेत, आणि तेवढ्या अवधींत चिमण्यांच्या कितीतरी पिढ्या होतील. त्यांना आंत घ्यावयाचें कीं नाहीं, हें भिंतीवर गिलावा चढण्यापूर्वींच ठरतें.